शितावरून भाताची परीक्षा : आरोग्य-संशोधनासाठी संख्याशास्त्र का शिकावे?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा आम्ही संख्याशास्त्र हा विषय सांगितला. त्यावर एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, "अहो, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालात. हा विषय तुमचा कधीपासून झाला?" त्यांचे म्हणणे खरे आहे. दहावीनंतर आमचा आणि गणिताचा संबंध बँकेच्या काउंटरपुरताच राहिला. नोटा मोजणे, व्हाउचर लावणे, संध्याकाळी कॅश जुळविणे, एवढेच आमचे गणित. तरीही गेली दोन वर्षे दर रविवारी आम्ही या विषयाला बसलो, त्याची कारणे दोन.

पहिले कारण आमची भाची. समाजशास्त्रात पदवी घेतल्यावर ती सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेली. घरातून एवढ्या वरच्या शिक्षणाला जाणारी ती पहिलीच. दोन महिन्यांत तिचा फोन आला, "मामा, मला हे नाही जमणार. संभाव्यता काय, अनुमान काय, सगळे डोक्यावरून जाते. मी आर्ट्सची. मी सोडून देते." आम्ही म्हणालो, "पुस्तक घेऊन ये. तूही आर्ट्सची, आम्हीही आर्ट्सचे. दोघे मिळून बसू." संस्थेच्या अभ्यासिकेत कोपऱ्यातले टेबल आम्ही धरले आणि वही उघडली.

दुसरे कारण जुने आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा आमच्या वडिलांना क्षयरोग झाला. एका खोलीत आम्ही सहा माणसे. सरकारी दवाखान्याने गोळ्या दिल्या, इंजेक्शने दिली आणि सांगितले, घरी राहूनच औषध घ्या. शेजारचे लोक म्हणत, यांना सॅनिटोरियममध्ये का नाही पाठवत? घरात ठेवून पोरांना रोग लावायचा आहे का? गरिबाला घरी पाठवून डॉक्टरांनी हात झटकले, असेच आईला वाटे. वडील बरे झाले, पण तो सल त्या माउलीच्या मनात शेवटपर्यंत राहिला. वडिलांना घरी ठेवण्याचा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला होता, ते आम्हाला भाचीच्या पुस्तकात सापडले. ती हकीकत पुढे येईलच. ती समजण्यासाठी आधी दोनचार गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

टॅली आणि अंदाज

बँकेत रोकड एका रुपयाने कमी भरली तरी आम्हाला घरी जाता येत नाही. हिशेब जुळलाच पाहिजे. त्यामुळे संख्याशास्त्राचे उत्तर पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही चक्रावलो. ते म्हणते, "उत्तर ५० आहे, पण ते ४० ते ६० च्या दरम्यान कोठेही असू शकेल." असले उत्तर आम्ही मॅनेजरसाहेबांना दिले तर नोकरी राहील काय?

पण विचार करता लक्षात आले की, तिजोरीतल्या सगळ्या नोटा आमच्या हाताखालून जातात. म्हणून तेथे टॅली होते. आरोग्याच्या प्रश्नात सगळी माणसे कधीच हाताखालून जात नाहीत. शहरातल्या प्रत्येक बाईचे रक्त तपासता येत नाही. प्रत्येक रोग्याला नवे औषध देऊन पाहता येत नाही. थोड्यांवरून सर्वांविषयी बोलावे लागते. म्हणजे चूक होणारच. ती किती मोठी असू शकेल, हे प्रामाणिकपणे मोजून सांगणे हेच या शास्त्राचे काम. यालाच सांख्यिकीय अनुमान म्हणतात. अज्ञान लपविण्यापेक्षा ते मोजावे, एवढे या विषयाचे सार आम्ही सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. जुन्या पंडितांनी याला काकतालीय न्याय हे नाव दिले. फांदी कावळ्याच्या वजनाने मोडली की ती मोडायलाच आली होती? संभाव्यतेचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.

एक नाणे दहा वेळा उडवा. किती वेळा छापा येईल? बहुतेक जण पाच म्हणतात. आम्ही हिशेब केला. एका फेकीला दोन शक्यता, दोन फेकींना चार, तीन फेकींना आठ. असे दुप्पट करीत गेले की दहा फेकींचे १,०२४ वेगवेगळे क्रम होतात. त्यांत बरोबर पाच छापे असणारे क्रम फक्त २५२. म्हणजे चारातून जेमतेम एकदा पाच-पाच पडतात. बाकी वेळा कमीजास्तच होते. आठ किंवा अधिक छापे येणारे क्रम ५६ आहेत. म्हणजे साधारण अठरा वेळा हा खेळ केला तर एकदा, नाण्यात काहीही खोट नसताना, आठ किंवा अधिक छापे पडणार.

आता नाण्याच्या जागी औषध ठेवा. समजा, एका तापात निम्मे लोक तीन दिवसांत आपोआपच बरे होतात. कोणी दहा जणांना काढा दिला आणि आठ जण तीन दिवसांत बरे झाले. गावभर बोलबाला होईल, की दहापैकी आठ बरे! पण वरचा हिशेब सांगतो की, नुसते पाणी दिले असते तरी अठरा वैद्यांपैकी एखाद्याच्या हाताला असे यश आलेच असते. गंमत अशी की, जाहिरात त्या एकाच वैद्याची होते. उरलेले सतरा गप्प बसतात.

दुसरी समजूत घरोघरची आहे. "तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार." नाण्याला आधीच्या फेकी आठवत नाहीत. चौथ्या खेपेलाही शक्यता जवळपास निम्मी-निम्मीच असते. या एका गैरसमजापायी किती बायांच्या तब्येती खालावल्या, हे आपल्या वस्तीत कोणाला सांगायला नको. संभाव्यता हा केवळ परीक्षेचा विषय नव्हे, तो असा.

भात आधी ढवळला का?

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण म्हणजे नमुना-पाहणीचे अर्धे शास्त्र आहे. घरातली बाई एक शीत दाबून पाहते आणि पातेले उतरविते. पण ती आधी भात वरखाली करते. वरचे शीत कच्चे आणि तळाचे करपलेले असले, तर एका शितावरून काय कळणार? हे दुसरे अर्धे शास्त्र. आपण नेमके तेच विसरतो.

याची कबुली आम्हालाच द्यायची आहे. संस्थेच्या आरोग्य शिबिराचा अहवाल लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. शिबिरात ज्या महिलांचे रक्त तपासले त्यांतील बऱ्याच जणींना रक्तक्षय निघाला. आम्ही झोकात लिहिले, "वस्तीतील निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयाने ग्रस्त आहेत." कच्चा मसुदा भाचीने वाचला आणि विचारले, "मामा, शिबिराला कोण आले होते?" आम्ही आठवू लागलो. ज्यांना थकवा जाणवत होता त्या आल्या होत्या. ज्या दुपारी घरी असतात त्या आल्या होत्या. धुण्याभांड्याच्या कामाला, बांधकामावर जाणाऱ्या आल्याच नव्हत्या. पातेल्यातले एका बाजूचे शीत आम्ही दाबले होते आणि निकाल सगळ्या भाताचा दिला होता. खरा आकडा कदाचित कमी असेल, कदाचित जास्तही असेल. कसे कळणार?

यावर उपाय साधा आहे. वस्तीतील सर्व घरांची यादी करावी, प्रत्येक घराला क्रमांक द्यावा आणि चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत. निवड आपल्या मनाने किंवा येणाऱ्याच्या सोयीने न करता चिठ्ठीने झाली, की प्रत्येक घराला सारखी संधी मिळते. यालाच यादृच्छिक नमुना म्हणतात. शब्द अवघड आहे, क्रिया भात ढवळण्याची आहे. चिठ्ठी निघाली की मग ती बाई कामावर असली तरी संध्याकाळी तिच्याकडे जायचे. सोयीचे घर शोधायचे नाही.

नमुना किती मोठा हवा? येथे एक आश्चर्य आहे. एखाद्या गोष्टीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल, तर १०० माणसांच्या नमुन्यात साधारण १० टक्के इकडे किंवा तिकडे चूक संभवते. ४०० माणसे घेतली तर ती ५ टक्क्यांवर येते. १,६०० घेतली तर अडीच टक्क्यांवर. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात, असा वर्गमुळाचा नियम आहे. भात नीट ढवळला असेल तर पातेले लहान की लग्नाच्या पंगतीचे, याने मात्र फारसा फरक पडत नाही.

म्हणूनच एवढ्या मोठ्या देशाची पाहणी होऊ शकते. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्यामार्फत १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत आली आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांची पाहणी झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे २५ कोटी कुटुंबे होती. म्हणजे साधारण चारशे घरांमागे एक घर. त्यावरून १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे अनुमान निघाले. आमच्या शिबिराच्या आकड्यात आणि या आकड्यात फरक आहे तो माणसांच्या संख्येचा कमी, निवडीच्या पद्धतीचा जास्त.

सरासरीच्या खाली कोण?

नमुना घेतला की आपण सरासरी काढतो. येथे एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते.

देशात उपाशी किती, हे मोजताना एक ठरावीक उष्मांकाचा आकडा धरून त्याखालच्या सर्वांना कुपोषित म्हणणे चूक आहे, असा त्यांचा आक्षेप होता. प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाचीही ती दिवसागणिक बदलते. सगळे लोक ठणठणीत असले तरी त्यांतले साधारण निम्मे सरासरीच्या खालीच असणार! या मुद्द्यावर त्यांचा आणि प्रा. वि. म. दांडेकरांचा मोठा वाद झाला. दांडेकरांच्या बाजूचे लोक म्हणत की, अशाने भुकेलेल्यांची संख्या कमी दाखविली जाईल. वाद येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सरासरीभोवती आकडे किती विखुरलेले आहेत, या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नावर भुकेल्या माणसांची मोजणी अवलंबून असते, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

ब्रिटनमधला प्रयोग

आता क्षयरोगाकडे येऊ. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हाती आले. ब्रिटनमध्ये ते फार थोडे उपलब्ध होते, सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. मग ते द्यायचे कोणाला? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने सुचविले की, निवड डॉक्टरांनी न करता यादृच्छिक आकड्यांनी व्हावी आणि ती बंद लिफाफ्यात ठेवावी. डॉक्टरांनी निवडले तर कळत नकळत बरे होण्यासारखे रोगी एका बाजूला जातील. मग फरक औषधाचा की निवडीचा, हे कधीच कळणार नाही.

या हिल यांच्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःला क्षय झाला. डॉक्टर होण्याची इच्छा सोडावी लागली. अंथरुणाला खिळलेल्या या तरुणाने पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी घेतली. वैद्यकाची पदवी नाही, गणिताची नाही. वैद्यकीय संख्याशास्त्रावर त्यांनी १९३७ मध्ये लिहिलेले पुस्तक डॉक्टरांच्या पिढ्यांनी अभ्यासले. हे वाचल्यापासून भाचीने "मी आर्ट्सची" हे पालुपद बंद केले.

१९४८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. टक्केवारीत सांगायचे तर ७ आणि २७, म्हणजे फरक २० टक्क्यांचा. पण कावळ्याची शंका येथेही घेतली पाहिजे. हा योगायोग तर नव्हे?

याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. हाच प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर दर वेळी फरक थोडा वेगळा येईल. तो साधारण किती हलेल, याचा अंदाज म्हणजे प्रमाण त्रुटी. येथे ती सुमारे ७ टक्के येते. ढोबळ नियम असा की, मिळालेल्या उत्तरातून तिची दुप्पट वजा करावी आणि दुप्पट मिळवावी. २० मधून १४ वजा केले तर ६, मिळविले तर ३४. म्हणजे औषधाचा खरा फायदा ६ पासून ३४ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकेल. या पट्ट्याला विश्वास-अंतराल म्हणतात. पट्टा रुंद आहे, पण त्यात शून्य येत नाही. फायदा आहे हे नक्की, किती हे तितकेसे नक्की नाही.

दुसऱ्या रीतीने विचारता येते. औषधाचा काडीचाही उपयोग नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता? येथे उत्तर शंभरात एकापेक्षाही कमी आहे. या संख्येला पी-मूल्य म्हणतात. विद्यार्थी येथे हमखास चुकतात, आम्हीही चुकलो. पी-मूल्य म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता नव्हे. निरुपयोगी आहे असे धरून चालल्यास असा निकाल किती दुर्मिळ ठरेल, एवढेच ते सांगते. आणि शंभरात पाच ही मर्यादा मानली, तर वीस निरुपयोगी औषधे तपासणाऱ्याला एखादे गुणकारी भासणारच. वर काढा देणारे अठरा वैद्य होते, तेच येथे पुन्हा भेटतात.

मद्रासच्या झोपड्या

पुढे जंतू एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले, तेव्हा दोन औषधे एकत्र देणे सुरू झाले. औषधे आली, पण भारतापुढे प्रश्न उरला. रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. सॅनिटोरियममध्ये विश्रांती, मोकळी हवा, चांगला आहार मिळतो. त्याशिवाय हा रोग बरा होतो का?

१९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्यातील प्रमुख संशोधक. शहरातील गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले आणि यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधे दोघांना तीच, आयसोनिअझिड आणि पास. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या खोल्यांत राहत, त्यांचा आहार सॅनिटोरियमपेक्षा बराच कमी होता, विश्रांती कमी आणि कामही जास्त होई.

निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर थुंकीच्या तपासणीनुसार रोग शमलेल्यांचे प्रमाण सॅनिटोरियममध्ये ९२ टक्के आणि घरी ८६ टक्के होते.

वरवर पाहणारा म्हणेल, बघा, सॅनिटोरियमच चांगले! पण आता आपण हिशेब जाणतो. काही रुग्ण वगळून तुलना झाली तेव्हा प्रत्येक गटात साधारण ८० रुग्ण होते. फरक ६ टक्के, प्रमाण त्रुटी सुमारे ५ टक्के, तिची दुप्पट १०. पट्टा निघतो उणे ४ पासून अधिक १६ पर्यंत. त्यात शून्य आहे. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

मात्र येथे घाई करू नये. "फरक सिद्ध झाला नाही" आणि "फरक नाहीच" ही दोन वाक्ये एक नव्हेत. पट्ट्याचे दुसरे टोक १६ आहे. म्हणजे घरी राहणाऱ्यांचे १६ टक्के नुकसान होत असण्याची शंका या एका आकड्याने संपूर्ण फिटत नाही. म्हणून संशोधक तेथेच थांबले नाहीत. पाच वर्षे त्याच रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. घरातल्या इतर माणसांनाही तपासत राहिले. रुग्ण घरी ठेवल्याने कुटुंबातील लोकांना जास्त प्रमाणात रोग झाला, असे दिसले नाही. संसर्गाचा मोठा धोका औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. नियमित औषध सुरू झाले की तो झपाट्याने कमी होतो.

या कामाने जगभरची उपचारपद्धती बदलली. सॅनिटोरियमऐवजी घरी राहून, नियमाने औषध घेणे हाच मार्ग सर्वत्र रुळला. तेच केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून काम करीत आहे.

चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे?

एक उदाहरण सर्वांच्या उपयोगाचे म्हणून देतो. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. एका रोगाची चाचणी १०० रोग्यांपैकी ९० जणांत रोग बरोबर पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ५ जणांना चुकून रोगी ठरविते. दहा हजार वस्तीत रोग १०० जणांना आहे. सर्वांची चाचणी केली. किती पॉझिटिव्ह येतील?

खरे रोगी १००, त्यांतले ९०. निरोगी ९,९००, त्यांतले ४९५. एकूण ५८५. या ५८५ पैकी खरोखर रोगी फक्त ९०, म्हणजे शंभरात साधारण १५! चाचणी वाईट नाही. रोग विरळ आहे म्हणून असे होते. म्हणून पहिला अहवाल पॉझिटिव्ह आला की हाय खाऊ नये, आणि तो फाडूनही टाकू नये. दुसरी, अधिक पक्की तपासणी करून घ्यावी. आणि एखाद्या चाचणीवरून शेजाऱ्याला वाळीत टाकणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

हा विषय सुरू करण्यासाठी अपूर्णांक, टक्केवारी आणि वर्गमूळ एवढे पुरते. सूत्र पाठ करण्याआधी आकडे माणसांत मांडा. "०.१५" यापेक्षा "शंभरांतले पंधरा" लवकर समजते. आधी आकड्यांची मांडणी व सरासरी, मग संभाव्यता, मग नमुना, मग प्रमाण त्रुटी, शेवटी दोन गटांची तुलना, असा क्रम ठेवा. नाणे खरोखरीच उडवून वहीत नोंदी करा. आम्ही शेकडो वेळा उडविले, अभ्यासिकेतली मुले हसत होती. संगणकावर 'आर' हा कार्यक्रम मोफत मिळतो. पण आधी पाचपन्नास आकड्यांचा हिशेब हाताने करा, म्हणजे यंत्र काय करते ते कळेल. कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्याचे आकडेही दिलेले असतात. ते समोर ठेवा.

आणि कोणताही आकडा दिसला, मग तो वर्तमानपत्रात असो, औषधाच्या जाहिरातीत असो किंवा पुढाऱ्याच्या भाषणात, त्याला चार प्रश्न विचारा. किती जणांपैकी? ती माणसे निवडली कशी? तुलना कोणाशी केली? आणि निव्वळ योगायोगाने एवढे झाले असते का? या चार प्रश्नांना उत्तर मिळेपर्यंत आकडा उसना समजावा.

भाचीने अभ्यासक्रम सोडला नाही. संख्याशास्त्राचा पेपर ती सुटली, आणि आता तिच्या प्रकल्पासाठी घरांची यादी करून चिठ्ठ्या काढीत असते. आमच्या शिबिराच्या अहवालात तिने लाल शाईने एकच दुरुस्ती केली. "वस्तीतील" हा शब्द खोडून "शिबिरास आलेल्या" असे लिहिले. वाक्याचा डौल गेला, पण ते खरे झाले. अहवाल तसाच छापला आहे.

राहता राहिली वडिलांची गोष्ट. त्यांना घरी पाठविले ते हात झटकण्यासाठी नव्हे. त्याच्या कितीतरी आधी मद्रासच्या दाट वस्त्यांतल्या, आमच्यासारख्याच एकेका खोलीत राहणाऱ्या माणसांनी स्वतःला मोजून घेतले होते. कोणीतरी चिठ्ठ्या काढल्या, थुंकी तपासली, आकडे लिहिले, पट्टा काढला, आणि तरीही घाई न करता पाच वर्षे वाट पाहिली. त्या हिशेबाच्या बळावर आमच्या वडिलांना घर, पोरे आणि औषध ही तिन्ही एकत्र मिळाली. आई आज असती तर तिला आम्ही हे कागदावर मांडून दाखविले असते. तिला अक्षरओळख नव्हती, पण भात ढवळून शीत दाबायचे, हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.